जखमेचे मोल

सिहोरा हे नाव महाराष्ट्रातील पुष्कळशा श्रोत्यांनी ऐकलेले नसेल. तथापि काशी-प्रयागाची यात्रा ज्यांनी रस्त्याने केली आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या चाकांखालून हे गाव नकळत गेलेले आहे. जबलपूरहून कटनीच्या दिशेने निघाले म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांवर हे तहसिलीचे ठिकाण लागते. नागपूर, जबलपूर, सिहोरा, कटनी, रीवा आणि तेथून गंगाकाठ, असा हा दक्षिणेतून उत्तरेकडे जाण्याचा जुना मार्ग. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, तेव्हापासून १९५६ पर्यंत सिहोरा आणि नागपूर एकाच प्रांतात नांदले. १९३६ मध्ये नागपुरास उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर सिहोऱ्याच्या माणसाला प्रांतातली वरची दाद मागावयाची तर नागपुरासच यावे लागे. तेव्हा हे गाव आपल्याला वाटते तितके परके नव्हे.

अलीकडे या गावाचे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार आले, आणि ते दुःखद कारणाने आले. १८ सप्टेंबर २०२४ रोजी सिहोरा–मझगवां रस्त्यावर मजुरांनी भरलेल्या रिक्षाला अवजड डंपरने चिरडले आणि सात मजूर ठार झाले. प्रयागच्या महाकुंभाच्या काळात, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, सिहोऱ्याजवळ महामार्गावर ट्रक व लहान प्रवासी बस यांची टक्कर होऊन कुंभाहून परतणारे सात भाविक मृत्युमुखी पडले. पुढे तेरा दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, त्याच परिसरात बेळगाव जिल्ह्यातील गोकाककडच्या यात्रेकरूंची जीप बसवर आदळली आणि सहा जण गेले.

या तिन्ही बातम्यांत मृतांचा आकडा मथळ्यात होता. सप्टेंबरच्या अपघातानंतर शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ४ लाख रुपयांची मदत जाहीर केली, तीही बातमीत आली. याखेरीज प्रत्येक बातमीच्या शेवटी एक शब्द होता: ‘जखमी’. त्या शब्दामागे कोणाचा पाय गेला, कोणाच्या मणक्याला इजा झाली, कोण पुन्हा खुरपे धरू शकणार नाही, याचा उल्लेख बातमीत नसतो आणि बहुधा पुढेही कोठे होत नाही. मृत्यूचा हिशेब समाज चटकन मांडतो. जो वाचला, परंतु पूर्वीसारखा राहिला नाही, त्याचा हिशेब मांडावयास मात्र आपल्याला फार वेळ लागतो. कायद्यालाही फार वेळ लागला. शारीरिक इजेची भरपाई हा हक्क आपल्या देशात कसकसा आकारास आला, आणि आज तो कोठवर पोहोचला आहे, हे आजच्या भाषणात सांगावयाचे आहे.

हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्यांबरोबर आला अशी समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दुसऱ्याच्या अवयवाला इजा करणाऱ्याने त्याच्या उपचाराचा खर्च द्यावा असा नियम आहे, आणि त्या खर्चाला ‘समुत्थानव्यय’ असे नाव आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उठणे, उभे राहणे. राजाला दिला जाणारा दंड वेगळा आणि जखमी माणसाला पुन्हा उभे करण्याचा खर्च वेगळा, हा भेद या एका शब्दात स्पष्ट झाला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही हीच दृष्टी दिसते.

त्याच अध्यायात गाडीच्या अपघातांविषयी जे नियम आहेत ते आजच्या वकिलालाही विचार करावयास लावतील. गाडीवान अडाणी असल्यामुळे गाडी भरकटली व हानी झाली, तर दंड मालकाला. गाडीवान चांगला तरबेज असेल, तर दंड त्या गाडीवानाला. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, अथवा गाडीवानाने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितले असेल, तर दंड नाही. नोकराच्या चुकीबद्दल धनी केव्हा जबाबदार, यंत्र बिघडले तर दोष कोणाचा, इशारा दिला होता की नाही, हे प्रश्न आजही न्यायालयात याच क्रमाने विचारले जातात. अर्थात या ग्रंथांचे गोडवे गाताना त्यांचा दोष झाकून चालणार नाही. एकाच जखमेचा दंड मारणाऱ्याच्या व मार खाणाऱ्याच्या वर्णाप्रमाणे त्यांत बदलत असे. जखम एक आणि मोल निराळे, हा प्रश्न पुढे वेगळ्या वेषात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

सिहोऱ्याच्या रस्त्याने पुढील काळात एक वेगळाच न्याय पाहिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागातून जाणारे वाटसरू ठगांच्या टोळ्यांना बळी पडत. कर्नल स्लीमन यांनी जबलपुरास ठाणे करून १८३० च्या दशकात या टोळ्यांचा बीमोड केला. सिहोरा व कटनी यांच्या दरम्यान असलेले स्लीमनाबाद हे गाव त्यांचेच नाव मिरवीत आहे. अनेकांना फाशी झाली, अनेकांना काळे पाणी झाले. परंतु मारल्या गेलेल्या वाटसरूच्या घरी मागे राहिलेल्यांना काय मिळावे, हा त्या खटल्यांचा विषयच नव्हता. फौजदारी न्यायाचे डोळे गुन्हेगाराकडे असतात. ज्याची हानी झाली त्याच्याकडे पाहण्यासाठी दुसरा न्याय लागतो.

तो दुसरा न्याय आपल्याकडे आगगाडीच्या मागोमाग आला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात एक विलक्षण सूत्र होते: माणसाबरोबर त्याचा व्यक्तिगत दावाही मरतो. याचा परिणाम असा होई की, एखाद्याच्या हयगयीने तुमचा पाय मोडला तर तुम्ही भरपाई मागू शकत होता. परंतु त्याच हयगयीने तुम्ही मेलात तर तुमच्या बायकामुलांना काहीही मागता येत नसे. आगगाड्यांच्या अपघातांत माणसे मरू लागली तेव्हा हा अन्याय उघडा पडला. १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे झाला आणि मृताच्या निकटच्या आप्तांना दावा लावण्याचा हक्क मिळाला. मुंबई–ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली, आणि २७ मार्च १८५५ रोजी हिंदुस्थानात तोच कायदा प्राणघातक अपघातांचा कायदा म्हणून आला. पती, पत्नी, आईबाप व मुले यांना त्याने हक्क दिला. सिहोऱ्यावरून जाणारा अलाहाबाद–जबलपूर लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला आणि १८७० मध्ये मुंबईकडून आलेला मार्ग त्याला जबलपुरास मिळाला; म्हणजे या गावी आगगाडी पोहोचण्याच्या आधीच तिच्याखाली मरणाऱ्यांसाठी कायदा तयार होता.

जखमी माणसासाठी मात्र असा लेखी कायदा झाला नाही. त्याचा हक्क तत्त्वतः मान्य होता. न्याय, समता व सदसद्विवेक यांच्या आधारे न्यायाधीश इंग्लंडमधील तत्त्वे येथे लावीत. १८८६ मध्ये सर फ्रेडरिक पोलॉक यांनी दिवाणी अपकृत्यांच्या कायद्याचा एक मसुदा हिंदुस्थानासाठी तयार केला होता, परंतु त्याचे कायद्यात कधीच रूपांतर झाले नाही. परिणामी जखमी माणसाने दिवाणी न्यायालयात जावे, मागणीच्या प्रमाणात कोर्ट-फी भरावी, समोरच्याचा दोष स्वतः सिद्ध करावा आणि आपला स्वतःचा काडीचाही दोष नव्हता हेही पटवून द्यावे, अशी स्थिती होती. नादार म्हणून फीची सूट मागता येई, परंतु त्यासाठी आधी आपली नादारी सिद्ध करावी लागे. ज्याचा पाय गेला आहे आणि ज्याची रोजी बुडाली आहे, त्याच्यासाठी असा हक्क असून नसल्यासारखाच होता.

कामगाराची अवस्था याहून बिकट होती. १८३७ पासून इंग्लंडमध्ये असे तत्त्व रूढ झाले की, सोबतच्या नोकराच्या चुकीने एका नोकराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. नोकरी पत्करतानाच त्याने तो धोका पत्करला आहे. गिरणीत, खाणीत, लोहमार्गावर काम करणाऱ्याला बहुतेक इजा सोबत्यांच्या चुकीनेच व्हावयाच्या. मग दाद कोणाकडे मागावयाची? या कोंडीतून पहिली वाट काढली जर्मनीने. १८८४ मध्ये बिस्मार्कच्या कारकीर्दीत कामगारांच्या अपघात-विम्याचा कायदा झाला. दोष कोणाचा, हा प्रश्नच त्याने बाजूला सारला. काम करताना इजा झाली एवढे पुरे. तिचा भार उद्योगाने उचलावा. इंग्लंडने १८९७ मध्ये हे तत्त्व आपल्या परीने मान्य केले.

हिंदुस्थानात ते येण्यास १९२३ साल उजाडावे लागले. त्याआधीच्या काही वर्षांत मुंबईच्या कामगारवस्त्यांतून एक वेगळा आवाज उठत होता. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईस सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली होती. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले, आणि १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या वतीने नामनियुक्त सभासद होते. ज्या मंडळात गिरणीमालक, जमीनदार आणि वकील बसत, तेथे यंत्रात हात गेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारा एक मराठी माणूस त्या वेळी होता. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

या कायद्यातील एक तरतूद आजच्या विषयाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रौढ कामगार मेला तर ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती त्याच्या आश्रितांना मिळावयाची. आणि तो कायमचा पूर्ण अपंग झाला तर? तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतील कमी ती रक्कम त्याला मिळावयाची. म्हणजे मृत्यूपेक्षा संपूर्ण अपंगत्वाची भरपाई अधिक. वरवर पाहता हे चमत्कारिक वाटेल. परंतु त्यात मोठे शहाणपण आहे. अपंग झालेला मनुष्य कमावता राहिला नाही, परंतु खाणारा राहिला. त्याला औषध लागते, आधार लागतो, आणि त्याच्याजवळ बसण्यासाठी घरातील आणखी एक माणूस कामावरून सुटते. हे प्रमाण पुढील दुरुस्त्यांतही टिकले. मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या ५० टक्क्यांवर आणि पूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्क्यांवर, वयानुसार ठरलेल्या गुणकाने, हिशेब करावयाचा असा नियम झाला. जिवंत माणसाची हानी मृत्यूहून मोठी असू शकते, हे आपल्या लेखी कायद्याने प्रथम येथे कबूल केले.

याच कायद्याला जोडलेली एक अनुसूची आहे. तिच्यात मानवी शरीराचे तुकडे करून प्रत्येकाचे शेकडा मोल लिहिलेले आहे. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीची ३० टक्के हानी. संपूर्ण तर्जनी गेली तर १४. दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गेला तर ४०. दोन्ही हात गेले तर १००. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो. परंतु तिच्यामुळे एक मोठे काम साधले. अशिक्षित मजुराला आपल्या बोटाची किंमत न्यायालयात वाद घालून ठरवावी लागली नाही. ती आधीच छापलेली होती. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली. तिच्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला आणि एकरकमी पैशाच्या जागी अपंग कामगाराला नियमित भत्ता मिळण्याची सोय झाली. १९२३ चा कायदा शंभर वर्षे चालला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि हे जुने कायदे तिच्यात विलीन झाले. दोषाचा प्रश्न न विचारता भरपाई देण्याचे तत्त्व मात्र कायम आहे.

आता पुन्हा रस्त्याकडे वळू. आगगाडीच्या प्रवाशाला १९४३ च्या दुरुस्तीने दोष सिद्ध न करताही भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. त्या वेळी तिची कमाल मर्यादा १०,००० रुपये होती. आज रेल्वे अपघातातील मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख आहे आणि निरनिराळ्या इजांसाठी ठरीव रकमा आहेत. मोटारीच्या बाबतीत १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीसाठी विमा सक्तीचा केला आणि ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. विमा नसता तर न्यायालयाचा हुकूमनामा कंगाल मालकाच्या दारात व्यर्थ पडून राहिला असता. १९५६ च्या दुरुस्तीने खास दावा न्यायाधिकरणे आली आणि दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट टळली.

तरीही दोष सिद्ध करण्याचा प्रश्न उरलाच. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की, चालकाची हयगय सिद्ध झाल्यावाचून मालकावर वा विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही. कायद्याची अक्षरे तशीच होती. परंतु रात्रीच्या अंधारात ठोकर बसून बेशुद्ध पडलेल्या माणसाने चालकाची हयगय सिद्ध करावी कशी? हा अन्याय काही अंशी दूर करण्यासाठी १९८२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दोषाचा विचार न करता मृत्यूसाठी १५,००० व कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याचे ठरले. बिस्मार्कच्या कायद्यातील तत्त्व रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आणि येथे उलट गोष्ट पाहा: १९२३ च्या कायद्याने जे शहाणपण दाखविले होते ते रस्त्यावर विसरले गेले. अपंगाची ठरीव रक्कम मृताच्या रकमेच्या निम्मी झाली. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदींतही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख, असे तेच प्रमाण आहे.

हे ठरीव रकमेचे झाले. संपूर्ण भरपाईचा मार्ग वेगळा आहे, आणि तो न्यायालयांनी हळूहळू बांधला आहे. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुणकाची पद्धत पक्की केली, २००९ मध्ये वयाप्रमाणे गुणकांचे कोष्टक ठरवून दिले, आणि २०१० मध्ये खास जखमींच्या बाबतीत एक अत्यंत महत्त्वाचा निकाल दिला. जखमी माणसाला काय काय मागता येते, हे त्या निकालात क्रमाने सांगितले आहे. औषधोपचार, रुग्णालय, वाहतूक व पौष्टिक आहार यांचा खर्च. उपचाराच्या काळात बुडालेली कमाई. कायम अपंगत्वामुळे पुढे होणारी कमाईची हानी. भावी उपचारांचा खर्च. वेदना आणि मनस्ताप. जगण्यातील साध्या सुखांना मुकणे, त्यात विवाहाची शक्यता कमी होणेही आले. आणि आयुष्य घटले असल्यास त्याबद्दलची भरपाई. आपल्या पूर्वजांनी ‘समुत्थानव्यय’ या एका शब्दात जे सांगितले, त्याचा हा विस्तार आहे असे म्हणावयास हरकत नाही.

त्या निकालाने आणखी एक भेद शिकविला. डॉक्टरच्या दाखल्यावरील अपंगत्वाचा टक्का आणि कमाईच्या हानीचा टक्का एक नव्हेत. उजव्या हाताची दोन बोटे गेली तर डॉक्टर सर्वांनाच सारखा टक्का लिहून देईल. परंतु शाळामास्तर त्या हाताने थोडे वाकडे लिहील आणि नोकरी करीत राहील. बिडी वळून पोट भरणाऱ्या बाईचा मात्र धंदाच संपेल. जखम एक, पण दोन संसारांतील तिचे परिणाम दोन. म्हणून न्यायाधिकरणाने शरीराबरोबर त्या माणसाचे काम पाहावयाचे असते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. २८ वर्षांचा एक गवंडी महिना ९,००० रुपये मिळवीत होता. इजेमुळे त्याची कमाईची शक्ती ४० टक्क्यांनी घटली असे ठरले. पुढे कमाई वाढली असती म्हणून या वयाच्या स्वतंत्र व्यवसायी माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के वाढ धरतात. २०१७ मध्ये घटनापीठाने मृत्यूच्या दाव्यांसाठी हे ठरविले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जखमींनाही ते लागू असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे महिना १२,६०० आणि वर्षाला १,५१,२०० रुपये. त्याचे ४० टक्के म्हणजे ६०,४८०. या वयाचा गुणक १७. तेव्हा केवळ भावी कमाईच्या हानीची रक्कम १०,२८,१६० रुपये होते. मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःचा खर्च वजा करतात. येथे तो करावयाचा नसतो, कारण माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे. उपचार, वेदना व इतर बाबी यांची रक्कम याशिवाय. आता अडीच लाखांची ठरीव रक्कम आणि हा हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. आजच्या कायद्याप्रमाणे ती ठरीव रक्कम विहित रीतीने एकदा स्वीकारली, की संपूर्ण भरपाईचा दावा संपुष्टात येतो. रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या, घरी पैसा नसलेल्या माणसापुढे हातात येणारे अडीच लाख ठेवले तर तो सही करून मोकळा होईल, आणि त्या सहीबरोबर आपण काय सोडले हे त्याला कधी कळणारही नाही. शासनाने जाहीर केलेल्या सानुग्रह मदतीची गोष्ट वेगळी. ती शासनाची सहानुभूती आहे. ती घेतल्याने न्यायाधिकरणाकडील हक्क जात नाही. परंतु ती मिळाली म्हणजे भरपाई मिळाली, असेही नव्हे. दया आणि हक्क यांतील हे अंतर फार थोड्यांच्या ध्यानात येते.

दुसरी अडचण अंतराची. गोकाकचा किंवा कोल्हापूरचा यात्रेकरू सिहोऱ्याजवळ जखमी झाला, तर तो तारखांसाठी हजार-बाराशे किलोमीटर येणार कसा? १९९४ पर्यंत जेथे अपघात झाला तेथील न्यायाधिकरणाकडेच जावे लागे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने हे बंधन गेले. आता दावा अपघाताच्या ठिकाणी लावता येतो, प्रतिवादी जेथे राहतो तेथे लावता येतो आणि जखमी माणूस स्वतः जेथे राहतो वा धंदा करतो तेथेही लावता येतो. सिहोऱ्याच्या रस्त्यावर पाय गमावलेल्या बेळगाव जिल्ह्यातील माणसाला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते. ही एक तरतूद अनेकांच्या कानांवर वेळीच गेली असती, तर कितीतरी हक्क अंतरामुळे बुडाले नसते.

तिसरी गोष्ट मुदतीची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ मध्ये ती काढली आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली. तिच्या वैधतेला आव्हान दिले गेले असून, केवळ या मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. परंतु अंतरिम आदेशाच्या भरवशावर स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. मृताचे घर तेराव्यानंतर कागदपत्रांकडे वळते. जखमीचे घर मात्र सहा महिने रुग्णालयाच्या वाऱ्यांतच असते. त्यामुळे मुदतीचा फटका जखमीलाच अधिक बसतो. पोलिसांतील प्रथम खबर, पंचनामा, औषधांची प्रत्येक पावती, कमाईचा काही ना काही पुरावा आणि अपंगत्वाचा दाखला, हे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवण्याचे काम घरातील एखाद्या जाणत्याने अंगावर घ्यावे. ठोकर देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपयांची योजना आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याचीही सोय झाली आहे.

एवढे होऊनही मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न सुटलेला नाही. स्मृतींनी जखमेचे मोल वर्णावरून ठरविले. आजचा कायदा ते बव्हंशी कमाईवरून ठरवितो. ज्याची कमाई मोठी त्याच्या पायाची भरपाई मोठी, आणि जिच्या श्रमाची कोठेच नोंद नाही त्या शेतमजूर बाईच्या पायाची लहान. गृहिणीच्या श्रमालाही पैशांत मोल आहे हे न्यायालयांनी २००१ पासून निरनिराळ्या निकालांत मान्य केले, हे खरे. तरीही वेदनेचे माप कमाईच्या मापाशी बांधले जाऊ नये, यासाठी अजून पुष्कळ वाट चालावयाची आहे.

सिहोऱ्यावरून जाणारा रस्ता आज चौपदरी आहे आणि त्यावरून गंगेकडे जाणारी वर्दळ थांबणारी नाही. त्या वाटेवर ज्यांनी प्राण गमावले त्यांचे आपण स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जे जखमी होऊन घरी परतले, त्यांचे पुढील वीस-तीस वर्षांचे आयुष्य कोठल्याही मथळ्यात येत नाही. त्यांना पुन्हा उभे करण्याचा खर्च मागण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, गावच्या शिक्षकाचे, पंचायतीचे आणि आपणा सर्वांचे काम आहे.